मावशींची धाकटी बहीण

चकाकणारी वस्तू दिसली की इंदूमावशी थांबत. लिफ्टचं स्टीलचं दार, उभ्या मोटारीची काच, घासलेल्या परातीचं बूड, काहीही चाले. दोन्ही तळवे कानांपुढे टेकवून त्या गालांची कातडी मागे ओढत, मान जरा वर करत आणि शेजारी जो असेल त्याला म्हणत, "बघ, अशी होते मी." मग हात सोडत. गाल खाली येत. "आणि आता अशी शे."

गुजरातेत, पर्वत पाटियाजवळच्या एका साडीच्या दुकानात मावशी आणि मी कामाला होतो. दुकान म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. गिऱ्हाईक तिथे येत नसे, ते मोबाईलमध्ये असे. दुपारची जेवणं उरकली की जिग्नेशशेठ मोठे दिवे लावत, मी फोन धरी आणि मावशी कॅमेऱ्यापुढे साडी उलगडत. पलीकडे जळगाव, धुळे, नांदेडच्या बायका. कोणी काही लिहिलं की मी ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मावशींनी उत्तर द्यायचं. मावशी मूळच्या धुळ्याकडच्या. घरी अहिराणी, शेठशी गुजराती, लाइव्हवर मराठी आणि राग आला की तिन्ही एकदम. "हाई साडी आटणार नाही," त्या छातीवर हात ठेवून सांगत. "आटली तर माले फोन करा. मी येऊन दुसरं टोक धरते, दोघी मिळून ओढू."

बायका त्यांच्यावर जीव टाकत. पण साठी उलटली तशी त्या मोठ्या दिव्यांनी मावशींच्या चेहऱ्यावरचं सगळं उघडं पाडायला सुरुवात केली. "मावशी दमलेल्या दिसतात", "मावशींना बरं नाही का?" असं रोज कोणीतरी लिहू लागलं. शेवटी शेठनी विषय काढला. "मासी, थोडो यंग फेस जोईए. तुम्ही मागून बोला, पुढे एखादी पोरगी उभी करू."

मावशींनी हातातल्या साडीची घडी केली, ती उलटी झाली, पुन्हा केली, पुन्हा उलटी. इतक्या वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या माझ्या कानाशी आल्या. "सुनंदा, तोंड वर ओढायचं ऑपरेशन असतं म्हणे. सोबत येशील?"

"काकांना विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं? तोंड मनं शे."

भिकनकाका, म्हणजे मावशींचे यजमान, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून निवृत्त झालेले. इतकं कमी बोलत की नव्या भाडेकरूंना त्यांचं मौनव्रत आहे असं वाटे. मावशींनी ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं." तेवढंच.

डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या निघाल्या, त्यामुळे मावशींची जीभ मोकळी सुटली. बाईंनी आरसा दिला आणि दोन बोटांनी त्यांचा गाल हलकेच वर सरकवला. "हे जबड्यापाशी लोंबलेलं आणि हा गळा, एवढं छान सुधारेल. टाके कानाच्या कडेने, दिसणार नाहीत."

"आणि कपाळावरच्या रेघा?"

"त्या राहतील."

"डोळ्यांखालच्या पिशव्या?"

"त्याचं ऑपरेशन वेगळं. ओठांभोवतीच्या बारीक सुरकुत्या, हे डाग, तेही याने जाणार नाहीत."

मावशी माझ्याकडे वळल्या. "म्हणजे पडदे नवे, भिंती जुन्याच."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण पुढचं त्यांनी हसू आवरून सांगितलं. "मावशी, तुम्ही ताज्यातवान्या दिसाल, पंचविशीच्या नाही. आणि वय थांबणार नाही. काही वर्षांनी हे पुन्हा सैल पडणार. तंबाखू खाता?"

"छे!"

"मिश्री?"

मावशींनी छताकडे पाहिलं. "ती काय तंबाखूत मोजतात?"

मोजतात, आणि तिच्यामुळे जखम भरत नाही, कातडी काळी पडून जाऊ शकते, हे ऐकल्यावर मावशींचा चेहरा ऑपरेशनाशिवायच ताणला गेला. आधी आणि नंतर कित्येक आठवडे मिश्री बंद. ते दिवस आम्ही सगळ्यांनी सोसले. नवरा सोडणं त्यांना सोपं गेलं असतं. एकदा तर त्यांनी लाइव्हवर एका गिऱ्हाइकाला "घ्यायची तर घे, नाहीतर पाणी भर जा" असं सुनावलं आणि त्या बाईने घाबरून दोन साड्या घेतल्या.

ऑपरेशननंतर त्या माझ्याकडे राहिल्या. शेठला आणि चाळीला सांगितलं होतं की मावशी सप्तशृंगी गडावर गेल्या, तिथून धुळ्याला लेकाकडे जाणार. डोक्याभोवती पट्टी, गाल फुगलेले, गळा जांभळा. पहिल्यांदा आरसा पाहिला तेव्हा त्या पट्टीतूनच म्हणाल्या, "सुनंदा, ही कोण बाई आणलीस घरात?" आणि मग रडू आलं, तर रडतानाही गाल हलेनात. गाल बधिर झाले होते. त्या घाबरल्या. मीही घाबरले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर समजूत घातली की असं होतं, हळूहळू येईल. भिकनकाका रोज संध्याकाळी खिचडीचा डबा घेऊन दारात उभे राहत. डबा देत, आत डोकावत आणि विचारत, "घरी कधी?"

सूज उतरली. जांभळं पिवळं झालं, पिवळं गेलं. आणि खरोखर जबड्याची रेघ दिसू लागली, गळा सुबक झाला. मावशी घरी गेल्या. काकांपुढून मुद्दाम तीनतीनदा फिरल्या. काकांनी पाणी मागितलं.

"बोलले का काही?" मी विचारलं.

"बोलले ना. नळ गळतोय म्हणाले."

लाइव्हवर त्या परतल्या त्याच दिवशी गंमत झाली. मी वाचलं, "या मावशी नाहीत. त्यांची धाकटी बहीण का?"

मी अडखळले. मावशींनी पापणीही न हलवता सांगितलं, "हो, धाकटी. ताई गडावर गेली शे."

शेठच्या हातातला चहा सांडला. पण त्या दिवशी साड्या खपल्या आणि शेठनी डोळा मिचकावला. झालं. मावशी स्वतःची धाकटी बहीण झाल्या आणि त्यात इतक्या रंगल्या की विचारू नका. थोरल्या ताईची नालस्ती करू लागल्या. "ताईचं काय सांगू, साडी कमी दाखवायची, गप्पा जास्त." बायका चिडायच्या. "ताईंना नावं ठेवू नका!" मावशी गालातल्या गालात हसायच्या, जितकं नव्या गालांना जमे तितकं.

मग मात्र ते हसू कमी होत गेलं. कारण प्रश्न थांबेनात. मावशी कधी येणार? गडावर इतके दिवस? एकदा साडी गुंडाळताना त्या मला म्हणाल्या, "मेली थोरली. जिचं तोंड या सगळ्यांना दमलेलं दिसत होतं, तिचीच वाट बघतात."

आणि एका दुपारी अमळनेरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं, "खरं सांगा, मावशी वारल्या ना? तुम्ही लपवताय." खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. कोणी लिहिलं, लेकीच्या लग्नाची साडी मावशींनीच निवडून दिली होती. कोणी तेराव्याला येते म्हणाली.

मी हे वाचत होते आणि मावशींचा हात साडीवरच थांबला. मग त्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या.

"जित्ती शे मी!" त्या ओरडल्या. "मीच शे इंदू! बहीण-बिहीण कोणी नाही. तोंड ओढून घेतलंय मी. हे पाहा टाके." आणि कान पुढे वाकवून दाखवला.

शेठनी कपाळाला हात लावला. दुकान बुडालं असं त्यांना वाटलं असावं. पण पुढच्या तासाभरात कोणी साडीचं नाव काढलं नाही. दुखतं का? गळा सुधारतो का? गालावरचे वांग जातात का? मावशी एकेकीला उत्तर देत होत्या. "गळा सुधारतो. वांग जात नाहीत, मने बघ ना. मिश्री सोडावी लागते, ते सगळ्यात जास्त दुखतं."

"सासूचं तोंड बंद होतं का?" मी वाचलं.

"नाही माय. त्याचा डॉक्टर अजून जन्माला यायचा शे."

तेवढ्यात एक ओळ वर सरकली आणि मी फोन डोळ्यांजवळ नेला.

"वाच ना," मावशी म्हणाल्या.

"भिकनकाकांनी लिहिलंय."

मावशींना ठाऊकच नव्हतं की काका रोज लाइव्ह बघतात. "काय म्हणतात? नळ?"

मी वाचलं, "आधीपण चांगलीच होतीस."

नव्या, ताणलेल्या, पुरते न हलणाऱ्या त्या गालांवर काय काय झालं ते मी फोनच्या मागून पाहिलं. मावशींनी पदर सारखा केला. "हा माणूस," त्या गिऱ्हाइकांना म्हणाल्या, "घरात मुका शे, आणि इथं पाच हजार बायांसमोर बोलतो. घरी जाऊ दे माले, मग बघते." आणि पुढची साडी उघडली.

शेठनी पोरगी उभी करायचा विषय पुन्हा काढला नाही. मावशींनी आणखी काही वर्षं साड्या विकल्या, आणि मग दोघं धुळ्याला लेकाकडे राहायला गेली. मागच्या थंडीत मावशी वारल्या. त्याआधी मी एकदा भेटायला गेले होते. उन्हात बसलो होतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं होतं, गळा पुन्हा सैल पडला होता, जबड्याची रेघ विरघळली होती.

मी विचारलं, "पुन्हा जायचं का डॉक्टरकडे? मी येते सोबत."

त्यांनी मोबाईलच्या काळ्या काचेत स्वतःला नीट न्याहाळलं.

"नको. येऊ दे," त्या म्हणाल्या. "कोणी परकं नाही. ओळखीचीच बाई येतेय."