सखारामनं संपवलेले दवबिंदू

सखाराम गेल्याचं मला, हल्ली मी राहतो त्या शिरपूरच्या बाजारात कळलं. ओळखीची माळीण पाटी सावरत म्हणाली, "तुमचा सखाराम गेला नं जी, मास्तर. पाणी देता देता वाफ्यातच बसला..." शेजारच्या गिऱ्हाइकानं लगेच विचारलं, "तोच ना, ज्यानं दवबिंदू खणून इकले?" मी पिशवी उचलून चालू लागलो. महिना होत आला, तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

आम्ही एका वर्गात शिकलो. मी शाळामास्तर झालो, त्यानं वडिलांचा मळा धरला आणि मानोऱ्याच्या बाजारात वांगी-मिरची विकू लागला. मळ्याच्या वर, टेकडीच्या पोटात एक झरा पाझरतो. तिथल्या दलदलीत पावसाळा सरता सरता दवबिंदू उगवत. जमिनीला चिकटलेली रुपयाएवढी तांबूस चकती, पानांच्या केसाकेसावर चिकट थेंब. ऊन चढलं तरी ते थेंब वाळत नाहीत, आणि चिलट बसलं की अडकलंच. आसपास दुसरीकडे कुठं हे रोप नव्हतं. पोहरादेवीच्या यात्रेत सखारामला एक दलाल भेटला. सोन्याचं भस्म करणाऱ्यांना ही वनस्पती लागते, असं त्याचं म्हणणं. पुढचे काही हंगाम सखारामनं टोपल्या भरभरून उपटून दिली. घराच्या छपरावर गवताऐवजी कवेलू चढली ती त्यातूनच. मग एका हंगामात दलदल उघडीच राहिली. तो मला तिथं घेऊन गेला आणि बराच वेळ उकिडवा बसून राहिला. "गवतावानी पुन्हा येईन वाटलं मले," तो म्हणाला. "बी धरायच्या आधीच उपटलं म्या सारं."

नंतर त्याला वरच्या कपारीत थोडी रोपं सापडली. हे त्यानं बायकोला, गिरजावहिनींना सांगितलं, आणि मला. जागा मात्र मला सांगितली नाही.

त्याच थंडीत माझ्या सुमीला डांग्या खोकला झाला. उबळ आली की पोरीचे ओठ निळे पडत. वैद्यबुवा म्हणाले, ताजे दवबिंदू हवेत. मी सखारामकडे गेलो. दुसऱ्या दिवशी तो ओल्या फडक्यात मूठभर रोपं घेऊन दारात उभा. ती मी वैद्यबुवांना दिली. त्यांनी हातात तोलली आणि कमी आहेत, आणखी एवढीच आणा म्हणाले. मी पुन्हा मळ्यात गेलो. सखाराम वाफे बांधत होता. "आता नाही, मास्तर." झाडापुढं माझी पोर हलकी झाली का, असं मी त्याला विचारलं. त्यानं पुढच्या वाफ्याला माती ओढली.

आहे त्यातच औषध करा म्हणून सांगायला वैद्यबुवांकडे गेलो, तर पडवीत सुपात निम्मी रोपं वाळत घातलेली, आणि शेजारी तोच दलाल बसलेला... तसाच मळ्यात परतलो.

"वैद्यबुवा दलालाले इकतात, तुले ठाऊक होतं?" मी विचारलं.

"अंदाज होता."

"मंग आणलं कायले?"

"सुमीले खोकला होता ना."

उरलेल्या रोपांचं औषध सुमीला मिळालं. ती हळूहळू बरी झाली. औषधानं की खोकल्याची मुदत संपल्यानं, ते देव जाणे.

पण रोपं शिल्लक आहेत हे आता दलालाला कळलं होतं. तो माणसं घेऊन आला, सोबत वैद्यबुवा. सारं गाव विहिरीपाशी जमलं. सखारामचा धाकटा भाऊ त्याला बाजूला ओढून म्हणत होता, दाखवून दे आणि मोकळा हो. दलालानं बजावलं, नाही दाखवलंस तर टेकडीचा दगड न् दगड उलथवीन. सखारामनं हातातलं फावडं खाली ठेवलं. "शोधा. भेटनार नाही. उरलंसुरलं सारं म्या खणलं. दुसऱ्याले इकलं."

मग गर्दीतली एक म्हातारी थुंकली. लेकरांच्या औषधावर यानं पोट भरलं, असं लोक बोलू लागले. दलाल शिव्या देत निघून गेला. मी तोंड उघडणार, तोच सखारामनं माझ्याकडे पाहून नको म्हणून मान हलवली. पुढं कित्येक दिवस बाया त्याच्या पाटीवरून पुढं जात. वांगी सुकून जात, ती तो बैलांना घाली. लोकांना खरं सांगू दे, असं मी एकदा म्हणालो तर म्हणाला, "पुरतं खोटं कुठं हाये, मास्तर? आधी तर म्याच संपवले होते." आणि मग त्यानं मला ती कपार दाखवली.

आज वैद्यबुवा नाहीत, दलाल कधीचा परागंदा झाला. तरीही गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

दर हंगामात रोपांनी बी धरेपर्यंत सखाराम त्या कपारीत जाऊन यायचा. आमची शेतं काळी, कपारीतला चिखल तांबडा. पायाला लागलेला तो चिखल कुणाला दिसू नये म्हणून सखाराम मागच्या दारानं यायचा आणि पाय धुऊनच घरात शिरायचा. परवा मी वर कपारीत जाऊन आलो. सखारामच्या घराच्या मागच्या दाराशी दगडावर पाण्यानं भरलेली बादली होती. गिरजावहिनी अजून रोज भरून ठेवतात. मी पाय धुतले. दगडावरून तांबडं पाणी ओघळलं. वहिनी दारात उभ्या होत्या.

"हायेत?" त्यांनी विचारलं.

"हायेत," मी म्हणालो.

त्यांनी बादली उचलली आणि पुन्हा भरायला आत नेली.