डोळे मिटलेल्याला घास नाही

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी कोणाला वही उघडू देत नाही. दोघी-दोघींची जोडी लावते, एकीला खाटेवर आडवी करते आणि दुसरीला सांगते, हिला भरव. वाटीत पातळ वरण असतं. पहिल्या चमच्याला सगळा हॉल हसतो, दुसऱ्याला वरण कानापर्यंत ओघळतं आणि तिसरा येण्याआधीच आडवी झालेली बाई धडपडत उठून बसते. मग मी विचारते, आता सांगा, ज्याला असं उठता येत नाही तो काय करेल? हसणं तिथंच थांबतं.

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर मी तळोद्यात हे काम धरलं. आजारी माणसांना त्यांच्या घरी सांभाळणाऱ्या बायका तयार करायच्या, आणि त्यांना घरोघरी नेमून देखरेख ठेवणाऱ्या मॅनेजरही. सांभाळणाऱ्या बहुतेक धडगावकडच्या, जीपने घाट उतरून येणाऱ्या. मॅनेजर तालुक्याच्या गावातल्या. मॅनेजर म्हणजे फोन आणि पर्स असा त्यांचा समज असतो, म्हणून खाटेवर सगळ्यात आधी मी त्यांनाच आडवं करते. माझा स्वभाव गोड नाही हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते मला सोयीचंच पडतं.

भरवण्याबद्दल मी थोडंच सांगते, पण घोकून घेते. माणूस ताठ बसलेला हवा. हनुवटी खाली. चमचा लहान. आपण त्याच्या समोर, त्याच्या उंचीला बसायचं आणि तोंडाकडे, गळ्याकडे बघत राहायचं; गिळलेलं दिसलं की मगच पुढचा चमचा. आणि डोळे मिटलेल्याला घास नाही. पेंगणाऱ्याचं अन्न पोटाऐवजी छातीत उतरतं. हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा म्हणवून घेते की बायका पाठीमागे माझी नक्कल करतात.

होळी जवळ आली की माझी झोप उडते. डोंगरातली बाई होळीला खाली थांबत नाही, आणि तिने थांबूही नये, पण तिच्यामागे घराघरांत जो गोंधळ उडतो तो मला निस्तरावा लागतो. म्हणून मी नियमच करून टाकला आहे: गावी जाण्याआधी घरातल्या कोणाला तरी भरवायला शिकवायचं, मगच पिशवी उचलायची. बहुतेक ठिकाणी हे जमून जातं. तापीकाठच्या एका घरी मात्र अडलं.

केळीच्या बागा असलेलं मोठं घर. घरचे म्हातारे, त्यांना सगळे आबा म्हणत, अर्धांगाने खुर्चीला खिळले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली. डाव्या हाताने ते जेवायला तयार नव्हते. जो हात जन्मभर ताटाजवळ येऊ दिला नाही त्याने आता जेवणार नाही, हे त्यांनी ताट सारून सांगितलं होतं. मध्यंतरी पाणी छातीत जाऊन त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नाकातून नळी घातली, ती त्यांनी उपसून टाकली. पुन्हा घातली आणि चांगला हात पलंगाला बांधून ठेवला. घरी सोडताना डॉक्टरांनी मुलाला स्पष्ट सांगितलं, परत असं झालं तर त्यांना झेपणार नाही, नीट भरवता येत नसेल तर नळीच घालून घ्या.

आमची बाई त्यांना नीट खाऊ घालत होती. कुस्करलेलं केळं, दादर ज्वारीची घट्ट पेज, मिक्सरमधून काढलेला वरण-भात, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. पण तिच्या भावाने यंदा होळीचं व्रत धरलं होतं, ती जाणारच होती. मुलगा सकाळ-संध्याकाळचं भरवायला शिकला. दिवसा मात्र तो बागेत एकटा, कारण त्याचे मजूरही डोंगरातलेच. दिवसाचे घास सुनेच्या वाट्याला आले.

ही सून शहाद्याच्या बाजारात स्कूटीवर जाते. बँक, शाळा, औषधं सगळं तीच बघते. पण गावाची वेस लागली की डोक्यावर पदर येतो, आणि सासऱ्यांसमोर तो हनुवटीखाली उतरतो. याला त्या घरात लाज काढणं म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून आबांनी तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि तिनेही त्यांच्या पायांपलीकडे फारसं काही पाहिलेलं नव्हतं.

मी शिकवायला गेले त्या दिवशी ती आबांच्या खुर्चीच्या बाजूला उभी राहिली आणि पदराआडून अंदाजाने चमचा पुढे केला. तो नाकाला लागला. आबांनी तो पकडायला हनुवटी वर उचलली आणि ठसका लागला. नुसता ठसका नाही, आवाजच बंद झाला, ओठ काळसर पडायला लागले. आमच्या बाईने त्यांना पुढे वाकवलं, मी पाठीवर जोरात थापा मारल्या, तेव्हा पेज बाहेर पडली. मी भलतीच घाबरले होते. घाबरले की मला राग येतो, आणि तो सुनेवर निघाला.

"पदर जपायचाय की माणूस?"

ती स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागे गेले. पदर मागे टाकून ती ओट्याशी रडत होती.

"मन्ही लाजनी गोट नही, सिस्टर," ती म्हणाली. "हाई घरमा आबासले आते कोनी काही इचारत नही. केळीना भाव नही, ऊसनी तोड नही. मी पदर वढस, तितलाच त्यासना मान राही गया. तो बी काढी टाकू का?"

पदराऐवजी पातळ ओढणी घेऊन बघा म्हटलं. तिने घेतली, पण ओढणीतून माणूस दिसतो, गळ्याची हालचाल दिसत नाही. त्या दिवशी मी तशीच परतले. आबांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच होती आणि दार उघडं होतं, याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा हजर झाले. संध्याकाळच्या जीपने आमची बाई निघणार होती. सून वाटी घेऊन आली, तिच्या जोडव्यांचा आवाज झाला आणि आबांनी डोळे मिटून घेतले.

"झोपनात," असं म्हणून ती नियमाप्रमाणे मागे सरली. मीही मान हलवली. आमच्या बाईने वाटी घेतली तर डोळे उघडे, तोंड उघडं, घास सरळ पोटात. पुढच्या वेळी पुन्हा तेच. सून आली की डोळे बंद, ती गेली की उघडे. दुपारपर्यंत असंच चाललं आणि माझं डोकं फिरलं. म्हातारा हट्टाला पेटलाय, सुनेच्या हातचं खायचंच नाही असं ठरवून बसलाय, असं मी धरून चालले. तिथूनच मुलाला फोन लावला आणि सांगितलं, उद्या डॉक्टरांना विचारू, होळीपुरती नळी घालून घेऊ.

आबांचा डावा हात हळूहळू वर गेला, नाकाशी पोचला आणि तिथंच थांबला. मला फार वाईट वाटलं. पण गुदमरण्यापेक्षा नळी बरी, असं मी स्वतःला बजावलं आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात सून पुन्हा वाटी घेऊन बाहेर आली. फोनवरचं तिनेही ऐकलं असणार. आबांनी डोळे मिटले. या वेळी ती मागे सरली नाही, तशीच उभी राहिली. आणि आबांनी मिटल्या डोळ्यांनीच तोंड उघडलं.

माझं नेहमीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण पेंगणाऱ्याची मान कलते, जबडा सैल पडतो. यांची मान ताठ होती, हनुवटी शिकवल्यासारखी खाली, आणि पापण्या इतक्या आवळलेल्या की कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

"आबा, झोप येतेय?"

मान नाही म्हणून हलली.

"भूक लागलीय?"

हो.

"मग डोळे उघडा बरं."

नाही. आणि आठ्या आणखी वाढल्या.

तेव्हा कुठे मला ते उघडं दार आठवलं. सकाळपासून हा माणूस सांगत होता आणि मी, माणसं वाचायला शिकवणारी, त्याला हट्टी ठरवून मोकळी झाले होते.

"वहिनी," मी म्हटलं, "स्टूल घ्या आणि त्यांच्या समोर बसा. पदर वर करा."

"सिस्टर, कसं करू..."

"ते बघत नाहीयेत. तुमच्यासाठीच डोळे मिटलेत त्यांनी."

ती बसली. पदराची कड चिमटीत धरली. मी आबांचा डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, प्रत्येक घास गिळलात की त्यावर बोट वाजवा, म्हणजे तुम्ही जागे आहात हे आम्हाला कळेल. बोट वाजलं नाही तर घास नाही. आबांनी लगेच बोट वाजवून दाखवलं. आमची बाई तोंडाला हात लावून हसली.

सुनेने पदर वर केला. चमचा नाकाला लागला नाही, सरळ ओठांशी गेला. गळा वर सरकला, खाली आला. बोट वाजलं. दुसरा चमचा गेला. पुन्हा वाजलं. चौथ्या-पाचव्या चमच्यानंतर ती एकदम थांबली.

"काय झालं?" मी पुढे वाकले. "गालात अडकलंय का?"

"नही." ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "आबासन्या भुवया बी पांढऱ्या व्हई गयात. मले माहितच नव्हतं."

आबांचे डोळे मिटलेलेच राहिले. खुर्चीच्या हातावर बोट पुन्हा वाजलं आणि तिने चमचा भरला.