बनूबाईंचा धवला आणि तीन घरांचं नेट

शिरगावात आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी बनूबाईंचं भाताचं शेत होतं, आणि त्या हे आम्हाला विसरू देत नाहीत. माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून "हितं आमचा बांध व्हता" असं सांगतात, जणू मी त्यांच्या बांधावरच गॅस मांडलाय. वय सत्तरीपुढचं, आवाज मात्र तीन मजले ऐकू जाणारा. त्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात विधी जिच्या गाण्यांवर, म्हणजे धवल्यांवर, पुढे सरकतात ती बाई.

चाळीसेक धवले त्यांना तोंडपाठ, कागदावर एकही नाही. हल्ली हळदीला डीजे लागतो, त्यामुळे शिकायला कोणी येईना. शेवटी नात रिद्धी तयार झाली, पण ती नोकरीला बंगळूरला. मग रोज संध्याकाळी मोबाईलच्या नेटवर व्हिडिओ कॉल करून शिकवणी. नेट अडकलं की गाणं तुटायचं, आणि बनूबाईंचा नियम असा, की तुटलेला धवला मधूनच उचलायचा नाही. परत पहिल्यापासून. तीन आठवडे झाले तरी गाण्यातल्या नवरीच्या अंगाला हळद काही लागेना.

शेवटी घरी फायबर घ्यायचं ठरलं. मी शिकलेली शेजारीण, म्हणून चौकशी माझ्या गळ्यात पडली. मी मोठ्या हौसेने तक्ता केला. कंपनी, स्पीड, सोबत कोणते सिनेमे फुकट, सगळं. बनूबाईंनी तो चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "ह्यात धवला तुटंल का नाय, ता कुठं लिवलंय?"

ते लिहिलेलं नव्हतं. मग बाईंनी आपली रीत काढली. ज्याच्या घरी नेट, त्याच्या घरी जाऊन बसायचं, रिद्धीला कॉल लावायचा आणि अख्खा धवला म्हणून बघायचा.

पहिलं घर पाचव्या मजल्यावरच्या जयदेवचं. त्याच्याकडे बिनवायरचा, सिमवर चालणारा डबा. पडद्यावर रिद्धी लख्ख दिसत होती, बनूबाई खूश. धवला संपल्यावर रिद्धी म्हणाली, "आजी, मला अर्धंच ऐकू आलं." मी सगळ्यांदेखत तिच्याच नेटला नावं ठेवली.

दुसरं घर पलीकडच्या विंगमधल्या किर्तीचं, तिथे कंपनीचं फायबर. दोन धवले सलग झाले, किर्तीच्या सासूबाईंनी डोळ्याला पदरही लावला. पण त्या कंपनीची वायर आमच्या विंगला आलेलीच नाही. मी फोन केला, तर वीस मिनिटं एका रेकॉर्ड केलेल्या बाईशी भांडून झालं.

तिसरं घर तळमजल्यावरचं, केबलवाल्या धर्मेशच्या लाइनीचं. तिथे तो स्वतःच हजर झाला. जयदेवकडची गोष्ट ऐकून हसायला लागला. "मावशी, तुम्ही नेटवर बघत नाय, तुम्ही पाठवता. सगळे येणाऱ्या नेटचा स्पीड विचारतात, जाणाऱ्याचा कोणी विचारतच नाय. त्या डब्यात येतं फास्ट, जातं स्लो. माझ्या फायबरला दोन्हीकडे सेम." माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. मी गुपचूप रिद्धीला सॉरीचा मेसेज टाकला.

धर्मेशच्या लाइनीवर तीन धवले झाले, शेवटचा पाठवणीचा, तोही अख्खा. लाइट गेली तर काय, म्हणून बनूबाईंनी त्याच्याकडून राउटरला बॅटरीही कबूल करून घेतली.

गुरुवारी जोडणी झाली आणि संध्याकाळी आम्ही बायका त्यांच्या हॉलमध्ये जमलो. बनूबाईंनी पाठवणीचा धवला धरला. सगळ्यात लांब तोच. निम्म्यावर आला आणि एकदम शांतता.

आम्ही सगळ्या डब्याकडे वळलो. धर्मेशचा उद्धार करायला मी तोंड उघडलंच होतं. पण दिवे हिरवे होते, आणि पडद्यावर रिद्धीची ओढणी पंख्याच्या वाऱ्याने हलत होती. नेट चालू होतं. बनूबाईंचे ओठ नुसते हलत होते, पुढचा शब्द सापडत नव्हता.

तेवढ्यात रिद्धीने पुढची ओळ उचलली. तीच चाल, तसाच शेवटाला दिलेला हेल. मग त्याच्या पुढची, मग त्याच्याही पुढची. आम्हाला वाटलं, बनूबाई आता सूर मिळवतील. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"माजी आय गेल्यापासून," त्या म्हणाल्या, "ह्यो धवला मना कोनी ऐकवला नव्हता."