अवजारखोलीतलं बिऱ्हाड

त्याला सगळे सहाफुट्या म्हणत. उंची जेमतेम पाच फूट, पण सहा फूट खोल खड्डा तो एकटा दुपारच्या आत खणून मोकळा व्हायचा, म्हणून हे नाव. शहराच्या दफनभूमीत तो बावीस वर्षं खड्डे खणत होता आणि मी नगरपालिकेच्या जागा विभागात तितकीच वर्षं कागद खरडत होतो. त्याच्या कामाला लोक नाक मुरडायचे. माझ्या कामाला कोणी मुरडत नसे. खरं तर उलट व्हायला हवं होतं.

दफनभूमीच्या फाटकाला लागून एक खोली होती. दगडी भिंती, वर पत्रा, आत एका कोपऱ्यात फावडी-कुदळी आणि उरलेल्या जागेत सहाफुट्याचा संसार. त्याची बायको, तिला मी वहिनी म्हणतो, इतकी टापटिपीची की कुदळींनाही तिने जुन्या साडीचा पडदा केला होता. लेक याच खोलीत जन्मली, इथूनच शाळेत गेली आणि इथूनच सासरी गेली. आमच्या नोंदवहीत मात्र त्या खोलीपुढे लिहिलं होतं, 'अवजारखोली'. ते अक्षर माझंच. दफनभूमीच्या आवारात कोणी राहायचं नाही असा नियम, आणि फाटकावर चोवीस तास माणूस हवा अशी साहेबांची इच्छा. तेव्हाचे साहेब म्हणाले, "अवजारांची खोली म्हणून टाका हो. माणूस काय, येतो-जातो." मी नोकरीत नवा होतो, अक्षर वळणदार होतं, टाकलं.

त्या एका शब्दाने बावीस वर्षं त्यांचं पाणी तोडलं. सहाफुट्याने नळासाठी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा मीच उत्तर लिहिलं, 'सदर जागा निवासी नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' तो कागद हातात घ्यायचा, उलटा-सुलटा करून बघायचा आणि वर मला म्हणायचा, "तुम्हाला त्रास झाला, भाऊसाहेब." वहिनी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत राहिली. अवजारं अंघोळ करत नाहीत, स्वयंपाक करत नाहीत, त्यांना ताप आला तर गार पाण्याच्या पट्ट्या लागत नाहीत, असं आमच्या कार्यालयाचं लेखी म्हणणं होतं.

मग दफनभूमी भरली. भरली म्हणजे बोट घालायला जागा उरली नाही. साहेबांनी फर्मान काढलं की जुन्या थडग्यांच्या ओळी पुन्हा वापरा. आमच्या भाषेत त्याला 'जागेचा पुनर्वापर' म्हणतात. एका सकाळी सहाफुट्या कार्यालयात आला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला. हात धुतलेले होते, तरी तो ते अंगापासून लांब धरून उभा होता.

"भाऊसाहेब, काल फावडं खाली गेलं आणि अडकलं. म्हटलं मूळ असेल. वर काढलं तर केसांची वेणी. रिबिनीसकट."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आणि वर आई-बाप उभे होते हो, दुसऱ्या पोराचे. मी अंगाने आडोसा केला. त्यांना दिसू दिलं नाही. पण मला जेवण जात नाही. माझ्याच्याने हे पुन्हा होणार नाही. मागचा तुकडा द्या."

मागचा तुकडा म्हणजे दफनभूमीच्या भिंतीपलीकडची पालिकेचीच ओसाड जमीन. तिथे दगड आणि काटेरी झुडपं, दुसरं काही नाही. पण कायद्याने ती 'नवीन दफनभूमी' ठरते, आणि शहरात नवीन दफनभूमी करायची तर जवळचं राहतं घर तिच्या हद्दीपासून निदान शंभर मीटर लांब हवं. विहीर, नदी, शाळा यांचीही अंतरं ठरलेली. आमच्या मोजणीदाराने फीत टाकली. विहीर लांब, शाळा लांब, टेकडीवर उभे राहिलेले नवे टॉवर एकशे चाळीस मीटरवर. सगळं नियमात बसत होतं. सहाफुट्याची खोली होती बारा मीटरवर, पण ती तर अवजारखोली. फीत तिच्या दारावरून, वहिनीच्या तुळतुळीत सारवलेल्या उंबऱ्यावरून गेली आणि मोजणीदाराने तिकडे बघितलंसुद्धा नाही. हा तुकडा नाही मिळाला तर दुसरी जागा सतरा किलोमीटरवर, खडी फोडण्याच्या खाणीपलीकडे. तिथे बस जात नाही. इथे येणारी बहुतेक माणसं आपलं मेलेलं माणूस खांद्यावर घेऊन चालत येतात.

टॉवरवाल्यांना हे कळलं आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी घरं घेतली होती ती गॅलरीतून दिसणाऱ्या मोकळ्या माळासाठी. सकाळचा चहा थडगी बघत प्यायचा म्हणजे काय! त्यांनी वकील लावला, वकिलाने नियम वाचला, आणि त्याला ती खोली दिसली. दोन दिवसांत सोसायटीच्या सेक्रेटरीबाई चार माणसं घेऊन सहाफुट्याच्या दारात हजर. याच बाईंनी दीड वर्षापूर्वी आमच्याकडे तक्रार केली होती की दफनभूमीच्या फाटकावर कुणाचे तरी परकर वाळत असतात, ते बघून पाहुण्यांसमोर लाज वाटते. आता त्या वहिनीला म्हणाल्या, "ताई, तुमचे कपडे कुठे आहेत? घाला ना दोरीवर. फोटो काढायचाय."

बरोबर आणलेली पितळेची नावाची पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने दाराला स्क्रूने बसवली. चुलीचा फोटो काढला, खाटेचा काढला, लेकीच्या शाळेच्या दाखल्याचा काढला. "तुम्ही आमचे शेजारी आहात," त्या म्हणाल्या. "तुमच्या हक्काच्या घराशेजारी दफनभूमी आम्ही होऊ देणार नाही." आजवर ज्यांच्या कुत्र्याने या माणसावर भुंकण्यापलीकडे ओळख दाखवली नव्हती, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला हे सगळं वहिनीने सांगितलं.

पण टॉवरवाल्यांना शिव्या देऊन मी मोकळा झालो तर माझ्यासारखा लुच्चा मीच. आमच्या साहेबांनी काय केलं ते सांगतो. टॉवरवाल्यांच्या हरकतीवर सुनावणी लागली होती, तिच्या दोन दिवस आधी त्यांनी सहाफुट्याला बोलावलं, खुर्चीवर बसवलं, चहा दिला. पालिकेत त्याला खुर्ची मिळाल्याचं मी पहिल्यांदा बघत होतो.

"तू सुनावणीत एवढंच सांगायचं, मी तिथे राहत नाही," साहेब म्हणाले. "राहतो म्हणालास की तुकडा गेला. मग खण त्याच जुन्या ओळी."

"आणि साहेब, खोली?"

"खोलीला काय होतंय? आहे तशी राहील. इतकी वर्षं कोणी विचारलं का तुला?"

सहाफुट्याने माझ्याकडे बघितलं. साहेबांवर त्याचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. का होता, देव जाणे. मला साहेबांचा स्वभाव माहीत होता, शब्द देतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरतात. तरी मी मान हलवली. हलवली म्हणजे चांगली दोनदा हलवली.

घरी मात्र वहिनी उसळली. मी पाटी काढायला स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो होतो, साहेबांचा तसा हुकूम होता. तेव्हा माझ्यासमोरच ती नवऱ्याला म्हणाली, "राहत नाही म्हणून सांगणार? मग मी बावीस वर्षं कोण होते इथे? फावडं?"

"अगं, कागदावर फक्त."

"आपलं सगळं कागदावरच तर अडलंय! आता कुठे कोणीतरी म्हणतंय की हे घर आहे."

"ते घरासाठी नाही म्हणत. त्यांना गॅलरीतून माळ बघायचाय."

"का म्हणेनात. घर तरी म्हणतायत."

सहाफुट्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "ती वेणी मी काढलीय, तू नाही." वहिनीने तोंड फिरवलं. मी पाटीचे चारही स्क्रू काढून खिशात टाकले. बाहेर आल्यावर हात पँटला पुसले, का ते कळलं नाही.

सुनावणीची खोली खच्चून भरली होती. एका बाजूला टॉवरवाले, हातात फोटोंचे मोठे फलक. त्यांवर वहिनीची चूल, वहिनीची खाट, वहिनीचे परकर. ती मागच्या बाकावर पदर ओढून बसली होती. सेक्रेटरीबाईंनी भाषण ठोकलं, "एका गरीब कुटुंबाचा निवारा," वगैरे. साहेबांनी बावीस वर्षांची नोंदवही आणि नळाचे तीन अर्ज निकाली काढल्याचे कागद पुढे ठेवले. आमचा नालायकपणा आमचा पुरावा झाला होता. मग सुनावणी अधिकारी म्हणाले, "स्वतः त्या माणसालाच विचारू. लेखी जबाब घ्या." जबाब टाइप करायला मी.

सहाफुट्या माझ्यासमोर बसला. मी ठरलेल्या साच्यात विचारत गेलो. नाव. त्याने सांगितलं. वय. अंदाजाने बावन्न. धंदा. खड्डे खणणे. आणि पुढचा रकाना आला.

"राहणार?"

त्याने मागच्या बाकाकडे वळून बघितलं. मी पुन्हा विचारलं. मला खरंच सुचलं नव्हतं की आपण काय विचारतोय. मी तिथे राहत नाही असा जबाब द्यायचा, तर त्या जबाबाच्या सुरुवातीलाच राहण्याचं ठिकाण लिहावं लागतं.

"ते रिकामं ठेवा, भाऊसाहेब."

"रिकामं चालत नाही," साहेब मागून कुजबुजले. "काहीतरी टाका. लवकर."

मी टाकलं. तोंडपाठ असलेला एकच पत्ता बोटांतून उतरला, आमच्याच कार्यालयाचा. खाली ओळ टाइप केली, 'सदर अवजारखोलीत मी किंवा माझे कुटुंब राहत नाही.' सहाफुट्याने वाचून न बघता सही केली. कागद अधिकाऱ्यांनी पाहिला, टॉवरवाल्यांच्या वकिलाने पाहिला. हा माणूस नगरपालिकेच्या टेबलाखुर्च्यांमध्ये राहतो असं त्यावर लिहिलं होतं आणि एकालाही खटकलं नाही. तुकडा मंजूर झाला.

टॉवरवाले कोर्टात जाऊ म्हणून धमकावू लागले. त्यांना चुचकारायला साहेबांनी दोन गोष्टी कबूल केल्या. नव्या तुकड्याला उंच भिंत, आणि ती खोली जमीनदोस्त, म्हणजे पुढे कोणी राहण्याचा प्रश्नच नको. राहत्या घराला तीस दिवसांची नोटीस लागते. अवजारखोलीला लागत नाही. तो आदेशही मीच टाइप केला, आणि साहेबांना त्यांनी दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायला माझी जीभ उचलली नाही.

पाडायच्या सकाळी मी गेलो. का गेलो, तेही स्वतःशी नीट कबूल करता येत नाही. बहुधा माझ्याविषयी कोणी वाईट बोलू नये म्हणून. पत्रा आधीच काढला होता. भांडी, खाट, ट्रंक फाटकाबाहेर रस्त्यावर. भिंतीपलीकडून फावड्याचा आवाज येत होता, नव्या तुकड्यात पहिला खड्डा चालू होता आणि सहाफुट्याला सुट्टी नव्हती. लेकीचं घर म्हणजे सासू-सासऱ्यांसकट एक खोली, तिथे जाण्यात अर्थ नव्हता. वहिनी ट्रंकेवर बसली होती.

मी जवळ गेलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "वहिनी, आता कुठे राहणार?"

तिने वर बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती सरळपणे, खरोखर विचारत होती.

"तुम्ही त्या दिवशी कागदावर टाकलं होतंत ना एक ठिकाण? यांनी वाचलं नाही. कुठलं होतं ते, भाऊसाहेब? सांगा, म्हणजे सामान तिकडे हलवते."