मेलेलं वारं

१९४५ साली आमची कंपनी ब्रह्मदेशात होती. टेकडीवरचं एक जपानी बंकर आदल्या दिवशी पेट्रोल ओतून जाळलं होतं. सकाळी सात वाजता ते तपासायची ऑर्डर आमच्या सेक्शनला मिळाली. सेक्शनमध्ये दहा जण. त्यांत मी, सांगलीच्या हळद व्यापाऱ्याचा मुलगा, आणि माझा शाळासोबती लान्सनायक बिरू, माणदेशातल्या मेंढपाळाचा.

आमची मैत्री शाळेत कुणालाच पटत नसे. इंग्रजी चौथीत मास्तरांनी त्याला माझ्या बाकावर बसवलं, तेव्हा घोंगडीचा वास येतो अशी तक्रार मीच केली होती. पण गणित माझं कच्चं, त्याचं पक्कं. गरजवंताला अक्कल नसते. महिन्याभरात माझा डबा दोघांचा झाला.

एकदा ऐट मिरवायला मी त्याला हरिपूरला आमचं पेव दाखवायला नेलं. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. उघडल्याबरोबर त्यात कुणी उतरत नाही. आधी कंदील सोडून बघतात; तो विझला तर आत श्वासापुरती हवा नाही असं समजायचं. त्या दिवशी कंदील विझला.

"आत वारं मेलंय व्हय रं?" बिरूने विचारलं.

हमाल हसले, पण त्याचं बरोबर होतं. मॅट्रिकनंतर तो साताऱ्याला जाऊन भरती झाला. घरच्यांशी भांडून मीही त्याच्या मागोमाग गेलो.

टेकडीवरच्या त्या बंकरचं तोंड विहिरीसारखं होतं. शिपाई गणपत पहिला उतरला. आम्ही हाका मारल्या. उत्तर आलं नाही. मी दोराला कंदील बांधून खाली सोडला. पुरुषभर खाली जाऊन तो विझला.

"वारं मेलंय," बिरू म्हणाला. "गणपतला वर काढाय पायजे."

"जाऊ नकोस."

"दोर धर. दम कोंडून जातो. हिसका दिला की वड."

दोर कमरेला बांधून तो उतरला. मी मनात आकडे मोजत होतो. साठाला हिसका बसला. तिघांनी जोर लावून ओढलं. वर आला तो गणपत. बिरूने स्वतःच्या कमरेचा दोर सोडून त्याला बांधला होता.

मी दोर पुन्हा आत टाकला. नावाने ओरडलो. दोर सैलच राहिला. तेवढ्यात आमच्या नायकाने वायरलेसवर खबर दिली आणि कंपनी कमांडरचा आवाज आला, "दुसरा कुणी आत जाणार नाही. ओव्हर."

ऑर्डर होती म्हणून थांबलो, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ऑर्डर यायच्या आधीच माझे पाय जागच्या जागी खिळले होते. मला भीती वाटली होती, एवढंच. गणपत वाचला. बिरूला दुपारी बाहेर काढलं आणि त्याच टेकडीवर त्याचं दहन केलं.

लढाई संपल्यावर पहिल्या रजेत मी माणदेशात गेलो. त्याची आई मेंढ्यांना पाणी पाजत होती. तिच्यासाठीही ऑर्डरची गोष्ट घोकून ठेवली होती. ती तोंडातून निघेना.

"मावशी, मी भ्यालो. आत गेलो नाही."

तिने हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "त्यो शेवटाला तुला काय बोलला?"

"दोर धर म्हणाला."

"धरलास न्हवं?"

"धरला."

"मग झालं," ती म्हणाली आणि मला जेवायला बसवलं.

तिने 'झालं' म्हटलं. मला ते अजून म्हणता आलेलं नाही.