दगडूची रोमन वेस

...आणि दगडूनं छिन्नी-हातोडा गोणपाटात गुंडाळला, इथवर काल आलो होतो. का गुंडाळला, ते राहिलंच.

साल सत्त्याण्णव. तिकडं अमिरातीत, अल ऐन शहराच्या बाहेर आमच्या अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, खजुराच्या बागेला फाटक हवं होतं. साधं नव्हे! जर्मनीत ट्रीअर गावी रोमन लोकांनी बांधलेली वेस आहे, हुबेहूब तसं. मी पाण्याचा टँकर चालवायचो. दगडू माझ्याच खोलीत राहायचा, खटावकडचा पाथरवट.

इंजिनीअर धनंजय साहेब पुण्याचे. फोटो दाखवून त्यांनी त्या वेशीची हकीकत सांगितली. अठराशे वर्षं जुनी. चुना नाही, दगडावर दगड, आतून लोखंडी आकडे शिसं ओतून बसवलेले. पुढं लोकांनी त्या लोखंडासाठी दगड पोखरले. वेस पुरती पाडूनच टाकली असती, पण एक साधू स्वतःला आत कोंडून घेऊन राहिला, तिथंच वारला, मग तिचं चर्च झालं म्हणून वाचली. दगडू इतका खूश, की दुसऱ्या दिवसापासून त्या साधूला "आपला बुवा" म्हणायला लागला.

आठ महिने त्यानं दगड घडवून बसवले, तेही बिनचुन्याचे. सांध्यात पोस्टकार्ड जाईना. मी घरचं पत्र घालून पाहिलं, तर पत्रच फाटलं! शेवटचा दगड बसला तेव्हा त्यानं ट्रंकेतलं हळदकुंकू काढून वेशीला लावलं. त्यांच्या घरची रीतच ती. हळदकुंकू लागलं की त्या दगडाला पुन्हा छिन्नी लावायची नाही.

आणि दुसऱ्याच सकाळी साहेब फोटो नाचवत आले.

"दगडू, ही होल्स राहिली की! अरबाबला सेम टू सेम हवंय. यल्ला, चल, चाळीसेक पाडून टाक."

"न्हाई जमायचं."

"अरे, दोन दिवसांचं काम!"

"दोन मिनटांचं असंना."

"व्हिसा कॅन्सल होईल, मग खलास! गावी तुझ्या घराच्या भिंती अजून कमरेएवढ्याच आहेत ना?"

होत्या खऱ्या. मी मागून त्याचा सदरा ओढला. त्यानं माझा हात झटकला आणि हत्यारं गुंडाळली. हां, तेच ते गोणपाट.

तेवढ्यात अरबाबाची गाडी आली. साहेबांनी इंग्रजीत तक्रार केली. अरबाबानं सांध्यावरून बोट फिरवलं आणि दगडूकडे वळून हिंदीत विचारलं, "क्यूं नहीं करेगा?"

मी दोन हजार चारला गावी परतलो, तोवर तरी त्या वेशीला एक भोक नव्हतं. आणि दगडू? पुढं सात वर्षं तिथंच, खटावच्या घरावर स्लॅब पडल्यावरच परतला. पण त्या सकाळी नोकरी गेली असंच धरून तो ताठ उभा राहिला, आणि जे बोलला ते शब्द मला अजून पाठ आहेत:

"साहेब, त्यास्नी सांगा, बांधनाऱ्याचं काम माझं, त्ये मी केलंय. भोकं चोरांनी पाडली हुती. भोकंच पायजे असतील तर चोर आना. त्याला तरी ह्यो दगड हलतो का, त्ये मी हितंच बसून बघतो."