डाव्या दाढेचे मंगळवार

दाढेवरचा उपचार अर्धवट सोडून तिच्या भोकात रोज भाजक्या तंबाखूची मिश्री भरणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी. कंधारला संसार करत होते तेव्हाची गोष्ट. नांदेडच्या डॉक्टरांनी दाढ उघडून मुळं साफ करायला घेतली, वर कच्चं सिमेंट लावलं आणि पुन्हा बोलावलं. तेवढ्यात कळ थांबली.

"अगं, नांदेडला जायचंय ना?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"दुखतच न्हाई तर एस.टी.त कशाला आदळत जायचं?"

सिमेंट निघालं, मी मिश्री दाबली. लई शहाणी समजत होते स्वतःला. पुढं कुणाकडून तरी वरून पक्कं सिमेंट बसवून घेतलं, आतलं काही सांगितलंच नाही.

आता हे नाहीत. लेक बंगळूरला. लातूरच्या फ्लॅटमध्ये माझ्याशी बोलणारा एक कुकर, तोही शिट्ट्या देऊन गप्प होतो. यंदा त्याच दाढेखाली फोड आला.

इथली डॉक्टरबाई पोरसवदा. म्हणाली, "आजी, मुळांना केसापेक्षा बारीक फांद्या असतात. माझी सुई तिथं पोचत नाही, जंतू तिथंच लपतात. म्हणून अतिसूक्ष्म कणांचं औषध आत सोडायचं, वरून लेसरचा उजेड द्यायचा. त्या उजेडानं कण कामाला लागतात आणि जंतू मरतात."

"हरळीसारखं हाय की. वरून खुरपून भागत न्हाई."

"अगदी. आणि काम लवकर आटपतं."

हे शेवटचं मला आवडलं नाही. ती दर मंगळवारी उपचाराला बोलवायची, आणि त्या खुर्चीत कुणीतरी मला विचारायचं, झोप लागली का, काय जेवलात. मी सोमवारीच इरकल साडी काढून ठेवायला लागले होते.

लेसरच्या दिवशी दोघींनी रंगीत चष्मे घातले. मी सिनेमातल्या खाष्ट सासूसारखी दिसत होते. दाढेत औषध सोडलं, मग उजेडाची बारीक तार गेली, थोडी ऊब लागली, झालं. एवढ्यासाठी मी मिश्रीचे डबेच्या डबे संपवले होते.

पुढच्या मंगळवारी फोड जिरलेला होता. कंधारची ती मिश्रीवाली बाई असती तर दारातूनच परत फिरली असती. मी मात्र खुर्चीत जाऊन आडवी झाले.

"दुखतंय अजून?"

"हाव. लई."

तिनं एका दातावर टकटक केली. "इथं?"

मी डोळे मिटून कण्हले. "तिथंच बाई. जीव जातोय."

तिचा हात थांबला. तो शेजारचा, कधीचाच बसवलेला खोटा दात होता; त्याला कुठली कळ? मला कळलं तोवर तिनं दिवा बंद केला होता. आता ही घरी पाठवणार, आणि मंगळवार संपले, असं मनात आलं. मी पदर सावरून उठायला लागले. तिनं तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"आजी, दाढ बरी झाली. पुढच्या मंगळवारी दुखतंय म्हणून येऊ नका. दीड वाजता या. मी इथं एकटीच डबा खाते."